कोन कुठल्या डब्यात?

मुलीचं लग्न ठरलं तेव्हा पैशांची तयारी मी ठेवली होती. हातांची ठेवली नव्हती.

मेंदीच्या दिवशी इंदूरच्या सुदामानगरातल्या आमच्या घरी नवरीमुलगी, तिची आई, वहिनी, दोन मेव्हण्या, भाची आणि सासूबाई अशा सात जणी होत्या. मेंदीवाल्या तिघी सकाळी दहाला आल्या आणि दुपारी तीनपर्यंत घरातले चौदा हात कामातून गेले. सगळे कोपरातून वाकलेले, बोटं फाकवून हवेत. माझा भाऊ 'हॉल बघून येतो' म्हणून निघाला तो गेलेलाच. माणूस पहिल्यापासून दूरदर्शी! उरलो मी, आणि 'मला नको तुमचं ते कोनबिन' म्हणून पलंगावर मांडी घालून बसलेली ब्याऐंशी वर्षांची आई.

"अहो, नाक."

बायकोचं नाक खाजत होतं. डावीकडे, जरा वर, तिथे नाही, अहो शेंड्याला. हे होतंय तोवर वहिनींचा पदर घसरला, भाचीच्या डोळ्यात केस गेला आणि केटररला पैसे पाठवायला बायकोचा फोन उघडेना, कारण तो अंगठा मागत होता आणि अंगठ्यावर कमळ होतं.

मग भुका लागल्या. मी पोहे भरवायला बसलो. इंदूरचे पोहे म्हणजे वर जिरावन मसाला आणि मूठभर शेव आलीच. धाकट्या मेव्हणीला घास देताना एक शेव तिच्या तळव्यावरच्या ओल्या मोरावर पडली. मोर दाणा टिपतोय असं छान दिसत होतं, पण तिला ते पटलं नाही.

नवरीचं काम सगळ्यांत मोठं. एका तळव्यावर नवरदेव, दुसऱ्यावर ती स्वतः, वेलबुट्टीत दडवलेलं त्याचं नाव आणि मनगटापासून वर थेट इंदूरचा राजवाडा. मी कौतुकानं मजले मोजले. सहाच भरले.

"राजवाड्याला सात मजले आहेत," मी म्हणालो.

"अंकल, सातवाँ कोहनी पे चढ़ जाएगा," मेंदीवाली मान वर न करता म्हणाली. नवरीनं माझ्याकडे असं पाहिलं की मी लिंबू-साखरेची वाटी उचलून दुसऱ्या खोलीत गेलो.

भाचीला काळी मेंदी हवी होती. मेंदीवालीनं साफ नकार दिला, आणि बरोबरच. पाल्याचा रंग काळाकुट्ट नसतोच. झटपट काळी होणारी जी मिळते तिच्यात बहुधा केसांच्या कलपातलं पीपीडी नावाचं रसायन असतं आणि त्यानं हाताला फोड येऊ शकतात. "हमारी तो सोजत की है," ती म्हणाली. राजस्थानातल्या पाली जिल्ह्यातलं सोजत. तिथल्या मेंदीला 2021 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. मीही विषय पुढे ओढला. पाल्यात लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं, ते कातडीतल्या प्रथिनाला धरतं, तळव्याची कातडी जाड म्हणून तिथे गडद आणि दंडावर फिकट, आधी केशरी दिसतं आणि हवा लागून दिवस-दोन दिवसांत तपकिरी-लाल होतं. एवढं सलग मी घरात कधी बोललो नव्हतो. हात दाखवून गप्प करायला कुणाचा हातच रिकामा नव्हता.

संध्याकाळी आईचं मन बदललं. तिच्या लहानपणी नागपंचमीच्या आदल्या दिवशी कुंपणाचा पाला ओरबाडून पाट्यावर वाटायचे, काथ घालायचे. तळव्यावर मधोमध गोल, बोटांना टोपणं, मूठ मिटून वर फडकं बांधायचं. सकाळी हाताबरोबर उशीचा अभ्राही रंगलेला.

"तसं काढ," ती मेंदीवालीला म्हणाली.

"और बाकी खाली छोड़ दूँ, दादी?" त्या मुलीला ते बघवेना. रिकामा तळवा म्हणजे अर्धवट काम! तिनं गोलाभोवती जाळी विणायला घेतली तशी आईनं हात ओढून घेतला आणि मला हाक मारली. मी कोन वाटीत पिळला, आगकाडी घेतली आणि जीव मुठीत धरून गोल काढला.

"हे अंडं आहे."

"पुसू?"

"राहू दे. आणि एकच हात काढ. तू एकटा किती जणींना पुरणार? एक हात मोकळा असू दे."

घरातला तो तिसरा चालू हात.

रात्री तव्यावर लवंगांची धुरी झाली, मेंदी खरवडली. मला वाटलं सुटलो. तर सकाळपर्यंत पाणी लावायचं नाही! दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे हात केशरी होते, आणि सगळ्यांत गडद रंगलं होतं ते लिंबू-साखर लावून, काडी धरून बरबटलेलं माझं बोट. जितकी मेंदी रंगते तितकी सासूची माया असते म्हणतात. सासूबाईंनी माझ्या बोटाकडे पाहिलं आणि चहा झाला का विचारलं.

तेवढ्यात कचऱ्याची गाडी आली. इंदुरात कचरा सहा तऱ्हांचा वेगळा द्यावा लागतो आणि त्यात चूक म्हणजे गल्लीत नाक कापलं जाणं. खरवडलेली मेंदी ओल्यात, हे मी आपल्या बुद्धीनं ठरवलं. कोन प्लास्टिकमध्ये टाकायला गेलो तर गाडीवाल्यानं हात धरला.

"भिया, इसमें तो गीला भरा है. खाली करके दो."

रस्त्यात उभं राहून मी अकरा कोन पिळले. समोरचे काका दात घासता घासता ते पूर्ण बघून मगच आत गेले. गाडीवाल्यानं माझे हात पाहिले. "आपकी शादी है क्या?"

घरात आलो तर आई तळवा उघडून बसली होती. अंडं झकास रंगलं होतं. तिनं ते सगळ्यांना दाखवून झालं होतं.

"मस्त झालंय रे," ती म्हणाली आणि डावा हात पुढे केला. "आता हा काढ. आण कोन."