खंदकातले कवी पळपुटे नव्हते

‘पहिल्या महायुद्धातले इंग्रज कवी भित्रे होते. वेडाचं सोंग घेऊन इस्पितळात पडून राहिले, रडगाणी लिहिली. सगळे श्रीमंत अधिकारी, आपल्याला परके. मुलांना असलं वाचायला देऊ नका.’ हा मजकूर कुटुंबाच्या ग्रुपवर फिरतोय. भावजींनी तो एमए इंग्रजी करणाऱ्या माझ्या भाचीलाच पाठवला, तेव्हा गप्प बसवेना.

विल्फ्रेड ओवेन १९१७ मध्ये मानसिक धक्क्यामुळे एडिनबरोच्या क्रेगलॉकहार्ट इस्पितळात होता, एवढं खरं. पण पुढच्याच वर्षी तो फ्रान्सला आघाडीवर परतला, हे मजकुरात कुठे आहे? १-२ ऑक्टोबर १९१८ च्या हल्ल्यात कंपनीचा प्रमुख जखमी झाल्यावर त्याने सूत्रं हाती घेतली आणि जोरदार प्रतिहल्ला परतवला. हे त्याच्या मिलिटरी क्रॉसच्या मानपत्रात नोंदलेलं आहे. ४ नोव्हेंबरला सांब्र-वाझ कालव्यावर तो मारला गेला. वय २५. युद्धबंदीला एक आठवडा उरला होता. अशा माणसाला भित्रा म्हणायला जीभ धजते कशी?

सिगफ्रीड ससूनने तर सोंग घेतलंच नाही. शौर्यपदक मिळवलेल्या या अधिकाऱ्याने १९१७ मध्ये ‘युद्ध मुद्दाम लांबवलं जातंय’ असं लेखी जाहीर केलं, तेही कोर्टमार्शलची तयारी ठेवून. ते टळावं म्हणून रॉबर्ट ग्रेव्ह्ज या मित्राने खटपट केली आणि त्याला इस्पितळात धाडण्यात आलं. तिथून तो पुन्हा लढायला गेला. जुलै १९१८ मध्ये त्याच्या डोक्याला गोळी लागली.

बरेच नावाजलेले कवी अधिकारी होते, हे मान्य. पण आयझॅक रोझेनबर्ग लंडनच्या ईस्ट एंडमधल्या गरीब ज्यू घरातला साधा शिपाई होता. १ एप्रिल १९१८ ला तोही गेला.

परके म्हणाल, तर पुण्याचं रुग्णालय ज्यांच्या नावाने उभं आहे त्या डेव्हिड ससून यांचा सिगफ्रीड हा पणतू. ओवेनच्या वहीत टागोरांच्या ‘गीतांजली’तल्या ओळी सापडल्या, त्याच्या आईने १९२० मध्ये टागोरांना तसं पत्र लिहिलं.

आणि रडगाणी? ओवेनची विषारी वायूच्या हल्ल्यावरची कविता वाचा. मुखवटा वेळेत न चढलेला सोबती डोळ्यांदेखत गुदमरतो, आणि कवीचा सगळा संताप कोवळ्या पोरांना युद्धाच्या गौरवगाथा ऐकवणाऱ्यांवर आहे. भावजी, ही कविता मुलीला जरूर वाचू द्या.