हर्पिसच्या वंशवृक्षावरच्या आक्षेपाला उत्तर

नमस्कार. माझ्या लेखावरचा आपला आक्षेप थोडक्यात असा: ओठाच्या कडेला फोड आणणाऱ्या हर्पिस सिम्प्लेक्स-१ या विषाणूच्या वंशवृक्षावरून माणूस आफ्रिकेबाहेर कधी पडला ते ठरवणं म्हणजे उत्तर आधी धरून गणित सोडवणं आहे, शिवाय विषाणू शेजाऱ्याकडूनही लागतो, मग तो वंश कसा सांगणार? (नागीण आणणारा विषाणू याच कुळातला, पण वेगळा.)

पहिला मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. २०१३ च्या अभ्यासात या विषाणूचे ३१ नमुने होते, प्रत्येकाचा जनुकसंच (म्हणजे डीएनएचा पूर्ण मजकूर) सुमारे १ लाख ५२ हजार अक्षरांचा. त्यांच्या सहा शाखा पडल्या आणि सर्वाधिक विविधता पूर्व आफ्रिकेच्या नमुन्यांत दिसली. इथपर्यंत ठीक. पण शाखांवर वर्षं लिहायची तर उत्परिवर्तनाचा वेग, म्हणजे ही अक्षरं किती झपाट्याने बदलतात ते, ठाऊक लागतं. ‘माणसाच्या शाखा फुटल्या तेव्हाच विषाणूच्याही फुटल्या’ असं मानून काढलेला वेग वापरला, की उत्तरात माणसाचंच वय परत हाती येतं.

यात किती फरक पडतो ते जेसी विषाणूवरून कळेल. हा लघवीत सापडतो, जनुकसंच जेमतेम ५,१०० अक्षरांचा. १९९७ पासून तो स्थलांतराची खूण म्हणून वापरला गेला. २००६ मध्ये संशोधक शॅकल्टन आणि सहकाऱ्यांनी त्याचा वेग नमुने गोळा केल्याच्या वर्षांवरून मोजला, तर तो विषाणू माणसाबरोबरच फुटला असं मानून काढलेल्या वेगाच्या जवळजवळ शंभरपट निघाला. म्हणजे ज्या फाट्याचं वय ५०,००० वर्षं वाटत होतं ते ५०० वर भरेल! मात्र हा वेगही जसाच्या तसा घेऊ नये. काही दशकांच्या नमुन्यांत किंचित हानिकारक बदलही मोजले जातात. ते पुढे नैसर्गिक निवडीत गळून पडतात. म्हणून थोड्या काळात मोजलेला वेग सहसा फुगलेला असतो.

यातून सुटका एकच: वय ठाऊक असलेल्या सांगाड्यांतला विषाणू. दाताच्या मुळाची पूड करून डीएनए काढतात. तो खरोखर जुना आहे का, हे तुकड्यांच्या टोकांवरून ओळखतात, कारण जुन्या डीएनएत तिथे सी या अक्षराच्या जागी टी वाचला जातो. मग नमुन्याचं वय आणि वंशवृक्षाच्या मुळापासून साठलेले बदल यांचा आलेख काढतात. शेवटी नमुन्यांची वयं मुद्दाम उलटसुलट करून गणित पुन्हा करतात. तरीही तोच वेग आला तर त्या आकड्याला काही किंमत नाही. हर्पिसमध्ये आणखी एक अडचण असते, पुनर्संयोजनाची. दोन वाणांचे तुकडे एकमेकांत मिसळले की एकच वंशवृक्ष काढणं चूक ठरतं, म्हणून ते भाग आधी वेगळे काढावे लागतात.

२०२२ मध्ये सुमारे ३,००० जुन्या नमुन्यांतून हर्पिसचे फक्त चार जनुकसंच मिळाले, सगळ्यात जुना सुमारे १,५०० वर्षांपूर्वीचा. त्यांवरून आजच्या शाखांचा समान पूर्वज सुमारे ५,००० वर्षांपूर्वीचा, म्हणजे कांस्ययुगाच्या आसपासचा ठरला. आफ्रिकेबाहेरच्या पहिल्या प्रवासाशी आजच्या शाखांचा थेट संबंध लावता येत नाही. लेखातलं तसा संबंध लावणारं वाक्य मी काढलं आहे.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र मी अर्धाच सहमत आहे. वंश सांगण्याची ताकद संसर्ग कसा होतो त्यावर अवलंबून असते. हिपॅटायटिस बी जन्मावेळी आईकडून लागला तर सुमारे ९० टक्के बाळांत आयुष्यभर राहतो. प्रौढपणी लागला तर बहुतेकांच्या शरीरातून निघून जातो. म्हणूनच तो पिढ्यान्‌पिढ्या घराण्यातून वाहतो. २०२१ मध्ये या विषाणूचे १३७ प्राचीन जनुकसंच तपासले, तेव्हा युरोपात शिकारी-संग्राहकांच्या वाणांची जागा पहिल्या शेतकऱ्यांच्या वाणाने घेतल्याचं स्पष्ट दिसलं. त्या वाणाने पश्चिम युरेशियात सुमारे ४,००० वर्षं जम बसवला.

पण त्याच अभ्यासात आपल्या बाजूचाही पुरावा आहे. सुमारे ५,००० वर्षांपूर्वी गवताळ प्रदेशातले पशुपालक युरोपात आले आणि तिथल्या माणसांचा जनुकीय वारसा बदलून गेला, तरी विषाणूचा वाण तोच राहिला. उलट इसवी सनपूर्व दुसऱ्या सहस्रकाच्या उत्तरार्धात तो वाण अचानक ओसरला. आज त्याचा अवशेष म्हणून फक्त दुर्मीळ जी प्रकार उरला आहे.