आयपी काळ्या यादीत टिकवून ठेवण्याचे सोपे उपाय

नाशकात इंटरनेट नाहीतर होस्टिंगचा धंदा टाकताय? अभिनंदन! अनुभवी गिऱ्हाईक म्हणून चार सल्ले देतो. अनुभव ताजाच आहे. ऐन द्राक्षाच्या हंगामात, कंटेनर निघायच्या दिवशी, आमचे पॅकिंग लिस्टचे मेल रॉटरडॅमहून परत आले. आमच्या सर्व्हरच्या शेजारच्या आयपीवरून (म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यावरून) कुणी स्पॅम ओतत होतं आणि स्पॅम पाठवणाऱ्यांची काळी यादी ठेवणाऱ्या स्पॅमहाउसने त्या पत्त्यांची सगळी रेंजच यादीत टाकली होती. होस्टिंगवाल्याला फोन केला, तर म्हणे, "सर, राउटर एकदा बंद-चालू करून बघा."

पहिला सल्ला: तक्रारींसाठी 'अब्यूज' नावाचा मेलबॉक्स ठेवावा, असं 1997 च्या आरएफसी 2142 या इंटरनेटच्या मानक-दस्तऐवजातच लिहिलंय. ठेवा की! आशिया-पॅसिफिकमध्ये आयपी वाटणाऱ्या एपनिकच्या नोंदीतही तो पत्ता द्यावाच लागतो. फक्त पासवर्ड नोकरी सोडून गेलेल्या पोराकडे राहू द्या.

मायक्रोसॉफ्टची एसएनडीएस सेवा? आयपी तुमचे, स्पॅमचा हिशोब तुमचा आणि तोही फुकट. म्हणजे बघायलाच नको.

सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचं, बाधित यंत्रं शोधणारं सायबर स्वच्छता केंद्र 2017 पासून आहे. नाव छान आहे, तेवढं पुरे.

शॅडोसर्व्हरच्या तर वाऱ्यालाही उभे राहू नका. 2004 पासूनची ना-नफा संस्था. आपला एएसएन (नेटवर्कचा क्रमांक) नोंदवायचा, नेटवर्क आपलंच आहे एवढं पटवून द्यायचं, की रोजचा अहवाल मेलवर येतो: कुठल्या आयपीवर बॉट (दुसऱ्याच्या हुकमावर चालणारं बाधित यंत्र) बसलाय, कुणाचा डीएनएस रिझॉल्व्हर (साइटच्या नावावरून आयपी शोधणारा सर्व्हर) जगाला खुला आहे, कुणी विंडोजच्या फाइल शेअरिंगचा 445 पोर्ट उघडा टाकलाय. वर वेळ असते, सोर्स पोर्ट (कनेक्शन ज्या पोर्टवरून निघालं तो क्रमांक) असतो. वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असते, आपल्या वेळेसाठी त्यात साडेपाच तास मिळवायचे. एवढं गणित कुणाला झेपणार? आणि सीजीनॅटमुळे, म्हणजे एकच आयपी अनेक गिऱ्हाइकांना वाटून दिल्यामुळे, एका आयपीमागे अख्खं इंदिरानगर बसलेलं. पोर्टचा लॉगच ठेवला नाही, तर कुणाच्या घरचा कॅमेऱ्यांचा डीव्हीआर हा उद्योग करतोय ते तुमच्या बापालाही कळणार नाही! पण तो लॉग ठेवायला डिस्क लागते, आणि डिस्कचे पैसे तर नव्या ऑफिसच्या ग्लो-साइनबोर्डावर गेले.

अहो, लाज वाटू द्या जरा. पैसे मागत नाही कुणी. माहिती दारात आणून देतायत, तुम्ही कडी काढत नाही. गुन्हेगार गिऱ्हाईक तुम्ही पोसता आणि मेल आमचे अडतात. यादीतून नाव काढायचा अर्जही आम्हीच शोधून द्यायचा? त्या रेंजचे मालक तुम्ही आहात. घरगुती कनेक्शनवरून बाहेर जाणारा, मेल पाठवायचा 25 नंबरचा पोर्ट बंद करा, तो 'अब्यूज'चा मेलबॉक्स आजच्या आज उघडा आणि वाचायला पगारी माणूस बसवा.