आमचा अभ्यासदौरा

लग्नाला ३० वर्षं झाली त्या संध्याकाळी एका हॉटेलात बेचव पनीर चिवडत मी बायकोला म्हणालो, "आपण इटलीला जाऊ. टेकडीवरचं एखादं जुनं गाव बघायचं आणि चार दिवस राहायचं. सकाळी चढावर जरा चालायचं, दुपारी दोन तास बसून जेवायचं, सोबत बाटलीभर वाईन."

"बाटलीभर?"

"बरं, ग्लासभर."

मूळ आराखडा एवढाच होता. त्याला आता आठवा महिना लागलाय. एवढ्या काळात आमच्या सोसायटीची लिफ्टसुद्धा दुरुस्त झाली.

घोळ झाला तो बायकोनं दुसऱ्या दिवशी दिंडोरीला फोन केला तेव्हा. दिंडोरीला ताई, म्हणजे तिची मोठी बहीण, आणि ताईंचे यजमान नाना असतात. नानांची सात एकर द्राक्षबाग आहे आणि गळ्यात तुळशीची माळ. द्राक्षं पिकवण्यात जन्म गेला, पण त्या द्राक्षाचं पुढे काय काय होऊ शकतं या विषयाला त्यांच्या घरात उंबरठा ओलांडायची परवानगी नाही. परिणामी माझं 'ते' सासरी गेली ३० वर्षं अधिकृतरीत्या जाहीर झालेलं नाही. ताईंनी विचारलं, "इटलीत काय आहे एवढं?" त्यावर बायकोनं सारवासारव केली, "यांना तिकडच्या द्राक्षबागा बघायच्यात."

पाच मिनिटांत नानांचा फोन. "साहेब, आधी बोलला असता तर! आम्ही दोघंही येतो. किती वर्षांचं मनात होतं."

खाण्यापिण्याच्या सहलीचा अभ्यासदौरा झाला तो असा. आमदारांचे अभ्यासदौरे बाहेरून असेच दिसत असतील, पण त्यांना निदान भत्ता मिळतो.

गाव मी आधीच ठरवलं होतं. तोस्कानातलं, सिएना जिल्ह्यातलं, समुद्रसपाटीपासून ६०० मीटर उंचीवरचं मोंतेपुल्चानो. तिथली विनो नोबिले ही लाल वाईन किमान दोन वर्षं मुरवल्याशिवाय बाजारात आणता येत नाही, आणि १९८० साली इटलीनं सर्वांत वरच्या दर्जाचा शिक्का पहिल्यांदा दिला तेव्हा त्या पहिल्या दोन-चारांत ही होती. एवढा गृहपाठ केल्यावर रंगीत तालीम हवीच. म्हणून पुण्यातल्या दुकानातून 'मोंतेपुल्चानो' असं ठळक लिहिलेली बाटली साडेतीन हजारांना आणून ती ज्वारीच्या डब्यामागे ठेवली. लेकीनं ती शोधली आणि लेबल वाचलं.

"बाबा, हे अब्रुत्सोचं आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे मोंतेपुल्चानो नावाची द्राक्षाची एक जात आहे. ती तिकडे दुसऱ्या समुद्राकडे पिकते. तुमच्या गावाशी तिचा काही संबंध नाही. तुमच्या गावची वाईन सांजोवेजे नावाच्या द्राक्षाची."

आणि त्या सांजोवेजेला गावात पुन्हा 'प्रुन्योलो जेंतिले' म्हणतात. इंग्रजीत बोंबलाला बदक म्हणतात, तशातलाच हा प्रकार. बाटली अर्थात वाया गेली नाही.

मग तारीख. कालनिर्णय मांडीवर घेऊन व्हिडिओ कॉलवर आमच्या तीन बैठका झाल्या. द्राक्षांची काढणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, म्हणून मी तीच वेळ सुचवली. आधी गणपती आडवे आले, मग पितृपक्ष. "पितरांना जेवायला बोलवायचं आणि आपण इटलीत जाऊन बसायचं?" हा ताईंचा सवाल. पुढे नवरात्र, आणि ते संपलं की नानांची गोडीबार छाटणी. इथे वेलीला वर्षातून दोनदा कात्री लागते. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळासाठी गोडीबार. तिकडे वेल हिवाळ्यात पानं गाळून झोपते आणि छाटणी एकदाच होते, असं मी वाचून सांगितलं. नाना बराच वेळ स्क्रीनबाहेर बघत राहिले. शेवटी म्हणाले, "एकदाच? मग ते लोक वर्षभर करतात काय?"

"दोन तास जेवतात," मी म्हणालो. ते त्यांना विनोद वाटलं.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी गावात पिंपांची शर्यत असते. तिला ब्राव्हिओ म्हणतात. गावचे आठ पेठवाले जवळपास ८० किलोचं लाकडी पिंप ढकलत चढावरून वर मोठ्या चौकापर्यंत नेतात. मला ती फार बघायची होती. नानांनी विचारलं, "पिंप भरलेलं?"

"रिकामं."

"रिकामं ८० किलो? मग भरलेलं तळघरातून वर कसं काढतात?"

यावर पाऊण तास गेला. कप्पी, उतरती फळी, बैल असे सगळे पर्याय झाले. मग ताईंनी कालनिर्णय उघडलं. ऑगस्टअखेर म्हणजे एकतर श्रावण, नाहीतर गणपतीची झाडलोट. शर्यत बाद झाली. हिवाळ्यात थंडी आणि निम्मी हॉटेलं बंद. राहिला मे. मेमध्ये दोन लग्नं होती, त्यातलं एक आम्ही दूरचं ठरवलं.

मे महिन्यात वेलीवर द्राक्षं नसतात, नुसती पानं असतात. ही बातमी नानांना कशी सांगावी या विचारात माझा एक रविवार गेला. अभ्यासदौऱ्यातला अभ्यासच गेला, म्हणून ते रद्द करतील अशी आशाही मनात होती, खोटं कशाला बोलू. नाना म्हणाले, "उलट बरं. रोग पानावरच कळतो."

जायचं कसं? रोम-फिरेंझे (म्हणजे फ्लॉरेन्स) मार्गावर क्युझी नावाचं स्टेशन आहे, तिथे उतरून बस. नकाशात 'मोंतेपुल्चानो' नावाचंही एक स्टेशन दिसत होतं. मी हर्षभरित होऊन ते दाखवलं, तर ते गावापासून दहा किलोमीटर खाली, सपाटीवर. मला हे विचित्र वाटलं. नानांना अजिबात नाही. "म्हणजे नाशिकरोड," ते म्हणाले आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले. गाडी भाड्यानं घ्यायची हौस मी एका संध्याकाळीच सोडली. जुन्या गावांच्या वेशीवर कॅमेरे असतात, परवान्याशिवाय आत शिरलात तर दंडाचा कागद काही महिन्यांनी थेट घरी येतो. पुण्यात ५७ वर्षं काढलेल्या माणसाला 'प्रवेश बंद' ही पाटी विनंतीवजाच वाटते, तेव्हा धोका नको. तरी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना आणलाच. फोटो चांगला आलाय.

गावाची मुख्य गल्ली खालच्या वेशीपासून चौकापर्यंत चढतच जाते. ताईंच्या गुडघ्यांसाठी हे आधीच सांगणं भाग होतं.

"ट्रॉली नाही?" ताई म्हणाल्या. "आमच्या वणीच्या गडावर झाली की."

वर काय आहे, हेही त्यांनी विचारलं. भव्य चौक आणि कॅथेड्रल, मी म्हणालो, फक्त कॅथेड्रलचा दर्शनी भाग पूर्ण झालेला नाही, नुसत्या विटा दिसतात. सतराव्या शतकापासून तसाच आहे. "ठेकेदार पळाला असेल," असं म्हणून ताईंनी विषय संपवला.

खरी मजा आली जेवणाच्या यादीत. मी पिचीचा, म्हणजे तिकडच्या हातानं वळलेल्या पास्त्याचा, व्हिडिओ लावला. त्यात एक आजीबाई पाटावर कणकेची दोरी तळव्यांखाली घोळवत होत्या, लांब आणि शेवईहून कितीतरी जाड. ताई मोबाईल नाकाजवळ धरून बघत राहिल्या. आजीबाई डाव्या हातानं दोरी ओढायच्या, उजव्यानं घोळवायच्या, मध्येच बोटांना पीठ लावायच्या. "अगं, वळवट करतेय ही," ताई बायकोला म्हणाल्या. "आई बोटवे करायची बघ, माजघरात, पदर खोचून. पण हिची कणीक जरा सैल आहे." त्या इटालियन बाईला कणीक घट्ट मळायला सांगायचंय, हे तेव्हापासून त्यांच्या दौऱ्याचं उद्दिष्ट झालंय.

पिचीवर घालतात तो लसूण त्या भागातला खास, एकेक पाकळी अक्रोडाएवढी, वासाला मात्र सौम्य. बायको म्हणाली, वास नाही तर मग लसूण कशाला? तोस्कानाचा पाव मिठाशिवाय करतात, हे ऐकून ताईंनी 'आळणी!' एवढाच शब्द उच्चारला, पण त्यात एका संपूर्ण संस्कृतीचा निकाल होता. शिळ्या पावाचे तुकडे टोमॅटो, लसूण आणि तेलात शिजवून त्याचा लगदा करतात, त्याचं नाव पाप्पा आल पोमोदोरो. मी हे नाव ओठ गोल करून, मनगट हलवत उच्चारलं.

"कुस्करा," बायको म्हणाली.

कुस्करा खायला व्हिसा काढावा लागतो, हे मला वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी कळलं.

चीजपाशी मात्र गाडी अडली. शेजारच्या पिएन्झा गावचं मेंढीच्या दुधाचं पेकोरिनो प्रसिद्ध आहे. लेकीनं शोधून काढलं की दूध फाडायला बहुधा वासराच्या किंवा कोकराच्या जठरातला रस वापरतात. नानांनी ऐकलं, माळेला हात लावला आणि काही बोलले नाहीत. काही जण रानातल्या काटेरी झाडाच्या फुलांनीही दूध विरजतात असं समजल्यावर मी एका द्राक्षबागवाल्यांना ईमेल केली. चौघांसाठी जेवण हवं, दोघं शुद्ध शाकाहारी, चीज फुलांचं चालेल. उत्तर नाही. दुसरी ईमेल अधिक नम्र. उत्तर नाही. तिसरीत मी इटालियन भाषेत सुरुवात केली, तीही फुकट गेली. त्यातच चार दिवसांत एकादशी येते हे निघालं. एक किलो साबुदाणा यादीत चढला, दाण्याच्या कुटासह.

व्हिसाचं काय सांगू? प्रत्येकी ९० युरो शुल्क, ३० हजार युरोंचा विमा, आणि ज्यात माणूस हसता कामा नये असा फोटो. एजंटनं नानांकडे इन्कम टॅक्सचं रिटर्न मागितलं.

"शेतीला टॅक्स नाही," नाना म्हणाले.

"मग तुम्ही परत येणार याचा पुरावा काय देऊ?"

नानांनी पिशवीतून प्लॅस्टिकच्या फाइलमधला सातबारा काढला आणि टेबलावर असा ठेवला, जसं देव्हाऱ्यात काही ठेवावं. द्राक्ष, विहीर एक, पोटखराबा, म्हणजे पीक न येणारी जमीन, ४ आर. "हे टाकून मी कुठे जाईन?" एजंट गप्प झाला. सातबाऱ्याचं इंग्रजी भाषांतर मागवलं, तर त्यात 'पोटखराबा'चं 'स्टमक डिसऑर्डर' झालेलं. वेळेत दिसलं म्हणून बरं, नाहीतर विमा कंपनीनं आधी तपासण्या मागितल्या असत्या. प्रवासाच्या कारणात 'अभ्यास' लिहू नका, त्याला वेगळा व्हिसा लागतो, 'पर्यटन' लिहा, असं एजंटनं सांगितलं तेव्हा नाना खिन्न झाले. "म्हणजे आपण फिरायला चाललोय?"

त्यांचं मन रमावं म्हणून लेक म्हणाली, "नाना, तुम्हीच लिहा ना त्या बागवाल्यांना, तुम्हाला काय विचारायचंय ते." नानांनी एकच प्रश्न सांगितला. तुमच्याकडे डावणी आली की काय करता? आम्ही मोरचूद-चुना मारतो, पण पाऊस लागून राहिला की धुऊन जातो. लेकीनं डावणी या बुरशीच्या रोगाचं 'डाउनी मिल्ड्यू' केलं, रोग पडलेल्या पानाचा नानांनी काढलेला फोटो जोडला आणि पाठवून दिलं.

सकाळी उठतोय तो उत्तर हजर. दीड पानी. तिकडे तिला पेरोनोस्पोरा म्हणतात. २०२३ च्या वसंतात पाऊस हटेना तेव्हा तिनं कसं रडवलं, रात्री ट्रॅक्टरवर दिवे लावून फवारण्या कशा केल्या, आणि मोरचुदात असतं ते तांबं सात वर्षांत हेक्टरी २८ किलोच वापरता येतं हा युरोपचा नियम किती जाचक आहे, हे सगळं त्या माणसानं मोकळेपणानं लिहिलं होतं. "वर्षाला चार किलो," नाना स्पीकरवर पुटपुटले. "मरतंय बिचारं." पुढे त्यानं मांडवाचे फोटो मागितले होते, आणि लिहिलं होतं की सिन्योर नानांनी दुपारी आमच्या घरीच जेवायला यावं, आईला शाकाहारी पिची करायला सांगतो, चीज कुठलं चालतं तेवढं कळवा.

चीजचा प्रश्न मी तीनदा कळवला होता, पण ते असो.

पत्राच्या शेवटी एक ओळ होती. लेकीनं ती स्पीकरवर मोठ्यानं वाचून टाकली, मी खुणा करत असताना. सोबतच्या मंडळींपैकी वाईन कोणाला चालते?

पुण्यात बायको भाजी निवडायची थांबली. दिंडोरीतून काही ऐकू येईना, मागे कुठेतरी फवारणीचा पंप तेवढा चालू होता.

"लिही," नाना म्हणाले, "आमच्या साडूंना चालते. ज्वारीच्या डब्यामागे ठेवतात ते."