पाहुणीचा आनंद आणि आपला उत्सव

दरवर्षी भाद्रपदात गणेशोत्सव आला की पुण्यामुंबईहून आमच्या फोनवर एक ठरावीक चित्रफीत येऊ लागते. नऊवारी नेसलेली किंवा फेटा बांधलेली एखादी परदेशी मुलगी त्यात ढोल वाजवत असते आणि खाली लिहिलेले असते की, बघा, यांना कळते, पण आपल्याच लोकांना कळत नाही. यातले ‘आपलेच लोक’ म्हणजे ध्वनिवर्धकांच्या भिंती, संपता न संपणारी मिरवणूक आणि नदीची दुर्दशा यांबद्दल तक्रार करणारे. ही तक्रार करणारी मंडळीही याच पाहुण्यांना साक्षीला बोलावतात. हा गोंगाट आणि हा कचरा पाहून परदेशी माणसे काय म्हणतील, असा त्यांचा सवाल असतो. मी जर्मनीत, स्टुटगार्टमध्ये राहते. हे शहर १९६८ पासून मुंबईचे भगिनी शहर आहे आणि भारतात शिकायला जाणारी, तिथून परतणारी तरुण मुले इथे अधूनमधून भेटतात. त्यांचे ऐकून माझे मत असे झाले आहे की, परदेशी विद्यार्थ्यांचा आनंद दोन्ही बाजूंनी दाखल्यासारखा मिरवण्यापूर्वी तो नेमका कशाचा होता, हे आधी समजून घेतले पाहिजे.

आमच्या इमारतीतल्या एका कुटुंबाची मुलगी विद्यार्थी-आदानप्रदान योजनेतून वर्षभर पुण्यात शिकून आली. ती वसतिगृहात राहत होती, परंतु सदाशिव पेठेतल्या एका कुटुंबाशी तिचा घरोबा जमला आणि तिचे बहुतेक सण त्याच घरी झाले. ती परतल्यावर आमच्या स्वयंपाकघरात बसून तिने उकडीच्या मोदकांबद्दल जे सांगितले, ते ऐकताना ती एखाद्या कारागिराकडे उमेदवारी करून आली असावी असे मला वाटले. उकड गरम असतानाच मळावी लागते, हात पोळतो म्हणून मध्येमध्ये पाण्यात बुडवावा लागतो. पारी कडेला पातळ आणि मध्ये जाड ठेवली नाही तर सारण बुडाशी फुटून बाहेर येते. कळ्या पाडताना बोट आतून आणि दोन बोटे बाहेरून धरायची असतात. घरातल्या आजींनी तिचे पहिले मोदक बाजूला काढले नाहीत, तर तिच्यासमोरच मोदकपात्रात ठेवले आणि नैवेद्याच्या ताटातही घेतले, हे तिने मुद्दाम सांगितले. एवढी मोठी गोष्ट आपल्यावर सोपवली जाते आणि ती बिघडली तरी चालवून घेतली जाते, याचे तिला अप्रूप होते.

ढोलाचेही तसेच. चित्रफितीत दिसतो तो मिरवणुकीतला क्षण. त्यामागचे नदीपात्रातले सराव कोणाला दिसत नाहीत. संध्याकाळी वर्ग सुटल्यावर ती एका पथकाच्या सरावाला जाऊ लागली. कमरेला ढोल बांधायचा, एका हातात टिपरू धरायचे आणि दुसऱ्या हाताची थापी द्यायची. बोटांना फोड आले की पट्टी लावून पुन्हा उभे राहायचे. पथकात बँकेत काम करणाऱ्या मुली होत्या, अभियांत्रिकीचे विद्यार्थी होते, रिक्षा चालवणारा एक ताशावादक होता, आणि ताल चुकला की तो रिक्षावाला सगळ्यांना सारखेच रागे भरत असे. ही समता तिला जर्मनीतल्या कुठल्याही मंडळात दिसली नव्हती, असे ती म्हणाली.

विसर्जनाच्या रात्रीचे मात्र तिचे बोलणे वेगळे होते. स्वतःच्या पथकाचे वादन संपल्यावर ती मैत्रिणींबरोबर लक्ष्मी रस्त्यावर थांबली. मागून ध्वनिवर्धकांची भिंत रचलेला ट्रक आला, तेव्हा छातीत धडधडू लागले, शेजारच्या मुलीशी बोलणे अशक्य झाले आणि गर्दीतून वाट काढत ती निघून गेली. त्या भिंतीपुढे करण्यासारखे काहीच नव्हते, ना वाजवायचे, ना गायचे, ना शिकायचे. तिचा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो, कारण आपल्याकडच्या वादात ही दोन चित्रे एकाच गठ्ठ्यात बांधली जातात. डीजेबद्दल बोलणाऱ्याला उत्सवाचा विरोधक ठरवले जाते आणि मग ढोल, आरती, मोदक, देखावे हे सगळे त्या भिंतीच्या बचावाला उभे केले जाते. १८९३ मध्ये टिळकांनी ज्या सार्वजनिक उत्सवाला बळ दिले आणि ज्याची सुरुवात त्याआधीच्या वर्षी भाऊसाहेब रंगारी यांनी केली होती, तो लोकांनी एकत्र येऊन काही करण्याचा उत्सव होता. भाड्याने आणलेल्या यंत्रासमोर उभे राहणे म्हणजे तो उत्सव नव्हे.

या वादात जर्मनीचे नाव नेहमी शिस्तीचा नमुना म्हणून येते, म्हणून इथले वास्तव सांगणे मला आवश्यक वाटते. इथे रविवार आणि सणाचे दिवस विश्रांतीसाठी राखून ठेवण्याची तरतूद राज्यघटनेतच आहे. गुड फ्रायडेला सार्वजनिक नाचगाण्यावर बहुतेक राज्यांत कायद्याने बंधन आहे. म्युनिकचा ऑक्टोबरफेस्ट १८१० पासूनचा. त्यातही मोठमोठ्या तंबूंमधला गोंधळ वाढत गेला, तेव्हा २००५ पासून संध्याकाळी सहापर्यंत केवळ पारंपरिक वाद्यवृंदाचे संगीत आणि तेही ८५ डेसिबलच्या आत, असा नियम आला. त्यामुळे ज्येष्ठांना आणि मुलाबाळांसह येणाऱ्या कुटुंबांना तिथे पुन्हा सुखाने बसता येऊ लागले. परंपरेच्या नावानेच आवाज कमी करता येतो, हे यात शिकण्यासारखे आहे. मात्र हेच जर्मन लोक ३१ डिसेंबरच्या रात्री रस्त्यारस्त्यांवर फटाके उडवतात. खासगी आतषबाजीला वर्षातून तेवढी रात्र आणि दुसरा दिवस इतकीच मुभा आहे, तरी २०२४ सरून २०२५ उजाडले त्या रात्री देशभरात पाच जणांचा जीव गेला आणि बंदीची मागणी करणाऱ्यांना ‘आमचा आनंद हिरावता’ असे अगदी आपल्यासारखेच उत्तर मिळाले. तेव्हा परदेशी डोळ्यांची लाज बाळगून आवाज कमी करण्याचे काही कारण नाही. तो कमी करायचा तो लक्ष्मी रस्त्यावर राहणाऱ्या आजारी माणसासाठी, तान्ह्या मुलांसाठी आणि सलग बंदोबस्तात उभ्या असलेल्या पोलिसांसाठी. २०२५ ची पुण्याची मिरवणूक ३० तासांहून अधिक चालली. त्याच वर्षी राज्य सरकारने गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला होता.

कायदा आपल्याकडेही आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री दहानंतर ध्वनिवर्धकांना बंदी आहे आणि वर्षातून फार तर १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. २०२४ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने पुण्यातल्या पथकांतील वादकांची संख्या ३० पर्यंत मर्यादित केली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. त्या स्थगितीने मला मनापासून आनंद झाला. ढोलही कानठळ्या बसवतो, हे मी नाकारत नाही, आणि डेसिबलची मर्यादा त्यालाही लागू असावी. पण ढोल वाजवणारा दमतो, थांबतो, पाणी पितो, आणि यंत्र थांबत नाही.

त्या मुलीचा प्रवास सर्वत्र असाच सुखाचा झाला नाही. कार्तिकी पौर्णिमेला वाराणसीच्या घाटांवरच्या पणत्या पाहून ती भारावली, आषाढात ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीबरोबर पुण्याहून सासवडपर्यंत चालली आणि दिवे घाटात दिंडीतल्या बायकांनी तिच्या हाती टाळ दिले. पण होळीला ती उत्तरेकडच्या एका शहरात होती आणि रंग लावण्याच्या मिषाने पुरुषांनी जे केले, त्यानंतर दिवसभर ती खोलीबाहेर पडली नाही. २०२३ च्या होळीत दिल्लीच्या पहाडगंजमध्ये एका जपानी तरुणीशी असेच वर्तन झाल्याची चित्रफीत सर्वांनी पाहिली होती. अशा वेळी देशाची बदनामी झाली, अशी आपली पहिली हळहळ असते. माझे मन मात्र तिथल्याच मुलींकडे जाते, ज्यांच्यासाठी होळीला घरात कोंडून घेणे ही वर्षानुवर्षांची सवय आहे आणि ज्यांची चित्रफीत कोणी काढत नाही.

जर्मनीत उपरे म्हणून राहताना पाहुणचाराचे मोल मला इथे कळले आहे. नाताळच्या आदल्या संध्याकाळी इथली दारे बंद होतात, दुकाने लवकर मिटतात, विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांत केवळ दूरदेशची मुले उरतात, आणि सभ्य, मदतीला तत्पर असलेल्या शेजाऱ्यालाही त्यांना जेवायला बोलावणे सहसा सुचत नाही. तो सण कुटुंबाचा. सदाशिव पेठेतल्या त्या घराने जर्मन मुलीला नैवेद्याच्या मोदकांना हात लावू दिला, हे त्यामुळे मला इथल्या सगळ्या शिस्तीहून मोठे वाटते.

परंतु तिनेच सांगितलेली एक गोष्ट मनातून जात नाही. तिच्या वर्गात मणिपूरची एक मुलगी होती. गणपतीत जर्मन मुलीला इतक्या घरांतून आमंत्रणे आली की काही तिला नाकारावी लागली. मणिपूरच्या मुलीला, जी तिच्याआधीपासून पुण्यात राहत होती, कोणीही बोलावले नव्हते. शेवटी ती त्या जर्मन मुलीची मैत्रीण म्हणून आरतीला गेली. घरच्यांनी तिचेही प्रेमाने केले, यात शंका नाही. पण तिला बोलवावे हे आधी कोणाच्या मनात आले नव्हते. पुण्यात ईशान्य भारतातून, बिहारमधून, मराठवाड्यातल्या खेड्यांतून आलेली असंख्य मुले वसतिगृहांत आणि भाड्याच्या खोल्यांत राहतात. पेठांतल्या मंडळांनी आपापल्या भागातल्या वसतिगृहांना एका संध्याकाळच्या आरतीचे आणि जेवणाचे रीतसर निमंत्रण द्यावे, आणि त्याचा खर्च ध्वनिवर्धकांच्या भाड्यातून काढावा. येत्या भाद्रपदापासून हे सुरू करायला कोणत्याही न्यायालयाची परवानगी लागणार नाही.