‘कॅटेगरी एक म्हणजे नुसता पाऊस’? ह्यूस्टनकरांनो, हा मेसेज पुढे पाठवू नका

जून उजाडला, हरिकेनचा म्हणजे चक्रीवादळांचा हंगाम सुरू झाला की ह्यूस्टनच्या मराठी ग्रुपांवर तोच मेसेज फिरायला लागतो: ‘कॅटेगरी एक-दोनला घाबरू नका. काचांवर टेप लावा, एक खिडकी किलकिली ठेवा, घरात बसा. नुकसान झालंच तर होम इन्शुरन्स आहे.’ यातलं एकही वाक्य धड नाही.

पहिलं, कॅटेगरी. हरिकेनला दिलेला हा एक ते पाचमधला आकडा फक्त वाऱ्याचा वेग सांगतो. पाऊस किती पडेल, समुद्राचं पाणी किती आत घुसेल, वीज किती दिवस जाईल, यातलं काहीच त्यात नसतं. ऑगस्ट 2017 मध्ये हार्वे वादळाने ह्यूस्टन बुडवलं तेव्हा ते हरिकेन उरलंही नव्हतं. वारा मंदावला होता, पण वादळ जागचं हलेना आणि पाऊस थांबेना. जुलै 2024 चं बेरिल किनाऱ्यावर आलं ते कॅटेगरी एकचंच. तरी वीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली, काहींची आठवडाभर आली नाही, आणि उकाड्याने माणसं दगावली. 2020 च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, दापोलीकडे नातेवाईक कित्येक दिवस अंधारात होते, हे आपल्यातल्या अनेकांना ठाऊक आहे. मग इथे एवढे निर्धास्त का?

उन्हाळ्यात अनेकांचे आईबाबा भारतातून आलेले असतात. कुणी इन्सुलिनवर, कुणी बीपीच्या गोळ्यांवर. तयारी त्यांच्यापासून सुरू करा: औषधांचा जास्तीचा साठा, इन्सुलिनसाठी थंड पेटी (कूलर) आणि बर्फ, माणशी रोज एक गॅलन पिण्याचं पाणी. वीज गेलेल्या घरात त्यांना ठेवायचं नसेल तर कुणाकडे न्यायचं, हे आजच ठरवा. आपला पत्ता इव्हॅक्युएशन झोनमध्ये, म्हणजे वादळाआधी रिकामा करायला सांगतात त्या भागात, येतो का, तेही आताच बघा. येत असेल आणि निघायचा आदेश आला, तर कॅटेगरी न विचारता निघायचं.

टेपने काच फुटायची थांबत नाही, उलट तुकडे मोठे आणि जास्त घातक होतात. शटर नाहीतर प्लायवूड लावा. आणि खिडकी उघडी ठेवल्याने घरातला दाब ‘समान’ होतो, हे साफ खोटं आहे. आत शिरलेला वारा छपराला खालून रेटतो. सगळी दारं-खिडक्या घट्ट बंद हवीत, आतल्या खोल्यांचीसुद्धा.

इन्शुरन्सची थाप सगळ्यात महागात पडते. नेहमीच्या होम पॉलिसीत पुराचं नुकसान धरलेलं नसतं. हार्वेत घरं बुडालेल्या बहुतेकांकडे पुराचा वेगळा विमा नव्हता. सरकारी पूर विमा साधारणपणे घेतल्यापासून 30 दिवसांनी लागू होतो, त्यामुळे टीव्हीवर वादळ दिसू लागल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

मेसेजमध्ये जनरेटरचा उल्लेखच नाही, म्हणून सांगते: तो गॅरेजमध्ये लावू नका, दार उघडं ठेवूनही नाही. घरापासून किमान 20 फूट लांब, धूर खिडक्यांकडे येणार नाही असा ठेवा. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. बॅटरीवर चालणारा त्याचा अलार्म याच आठवड्यात घेऊन या.