हेत्सेमानी म्हणजे फक्त स्वस्त खोल्या नव्हेत

कोलंबियातल्या कार्ताहेना शहरावरच्या या लेखात तिथल्या हेत्सेमानी वस्तीबद्दल ‘स्वस्तात झोपायला ठीक, बघण्यासारखं सगळं तटबंदीच्या जुन्या शहरात’ असं लिहिलंय, ते मुळीच पटलं नाही. 11 नोव्हेंबर 1811 रोजी स्पेनपासून पूर्ण स्वातंत्र्य जाहीर करायला पुढाऱ्यांना भाग पाडलं ते याच कारागिरांच्या वस्तीने, पेद्रो रोमेरोच्या नेतृत्वाखाली. त्याचा पुतळा त्रिनिदाद चौकात आहे. आम्ही तिथेच राहिलो होतो. संध्याकाळी चर्चच्या पायऱ्यांवर बसायला, पोरांचा फुटबॉल बघायला आणि गाडीवरचा गरम ‘आरेपा दे हुएवो’ (मक्याच्या पुरीत अंडं घालून तळलेला) खायला फार पैसे लागत नाहीत. दुपारी साध्या खाणावळीत भात, तळलेली मासळी आणि कच्च्या केळ्याचे पाताकोन (चपटे करून तळलेले काप). तटबंदीवरून फिरणंही फुकट. फक्त ऊन उतरल्यावर जा.

एक गोष्ट लेखात यायलाच हवी होती. आपल्यासारख्या पाहुण्यांमुळेच तिथली घरभाडी वाढलीत आणि कित्येक जुन्या कुटुंबांना वस्ती सोडावी लागलीय. त्यामुळे बजेट सांभाळा, पण पालेंकेरा बायकांचा (रंगीत पोशाखात फळं विकणाऱ्या) फोटो काढायचा तर आधी विचारा, त्यांच्याकडची फळं घ्या आणि तिथे घासाघीस करू नका.